मायची सव्वा मूठ

पुरणाचे दिंड म्हटले की बाकीचा महाराष्ट्र नागपंचमीचं नाव घेतो. घेऊ दे. आमच्या भाऊबंदकीत दिंड होतात ते आमच्या खानदेशातल्या देवीच्या, कानबाईच्या, रोटांच्या सणाला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि ते कसे करावेत हे मला कुणी शिकवायला येऊ नये. घट्ट कणकेची पुरी लाटायची, मधे गुळाचं पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी दुमडून चौकोनी पुडी करायची आणि चाळणीवर वाफवायची. वर तुपाची धार. उकडीच्या मोदकाचं कौतुक सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या गावी, शहाद्याकडे, येऊन हे खावं. मग बोलू.

पण मला सांगायचंय ते चवीचं नाही, गव्हाचं. रोटांचा गहू असा डब्यातून काढून चालत नाही. शनिवारी सकाळी सगळे भाऊबंद थोरल्या घरी जमतात. मधे नवी टोपली. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचा. डाळीचंही तसंच. मग ते दळण शेजारच्या ब्राह्मणपुरी गावाला जातं, तिथला गिरणीवाला त्या दिवशी गिरणी धुऊन ठेवतो. त्या पिठाचे दिंड फक्त कुळातल्यांनी खायचे, बाहेरच्याला एक कण द्यायचा नाही.

पुरुषाचं नाव म्हणजे कुठल्याही पुरुषाचं. आठ दिवसांच्या पोराची मूठ पडते, त्याला अजून मान धरता येत नाही. सुरतेला गेलेला माझा एक चुलतभाऊ आईच्या आजारपणातही गावाकडे फिरकला नाही, त्याचीही मूठ पडते. आणि माझी माय, लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात पहाटे उठून अख्ख्या भाऊबंदकीचे दिंड करणारी, तिची मूठ नाही. कारण ती बाई. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "मन्ही मूठ कोठे शे?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

आमच्या घरची एकच मूठ होती, माझ्या बाबांची. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही, नंदुरबारला शाळेत शिकवते. बाबा गेले त्या वर्षी दुखवट्यामुळे कुळात रोट झालेच नाहीत. पुढच्या श्रावणात मी आणि माय नेहमीसारख्या सुपात गहू घेऊन थोरल्या घरी गेलो. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाटावर बसून नावं घेत होते. प्रत्येक नावाला त्यांची बायको, माझी मोठी माय, त्या त्या घरच्या सुपातून सव्वा मूठ टोपलीत टाकत होती. आमची पाळी आली आणि मोठे बाबा सरळ पुढच्या घराचं नाव घेऊन मोकळे झाले.

मी म्हटलं, "मोठे बाबा, आमनं घर ऱ्हायनं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुन्ही मायले सांग, तुमना घरनी मूठ आते सरनी. जेवाले मात्र दोन्हीजनी या."

म्हणजे आमची मूठ संपली, आता पाहुण्यासारखं या. आपलं घर या कुळात होतं हे विसरा, वर तूप घालून दिंड खा आणि घरी जा. माझी कानशिलं तापली. मी शिक्षिका, तोंडाची फटकळ, चार वाक्यं तयारच होती. पण मी तोंड उघडायच्या आत माय पुढे सरकली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ओढतात तसा. तिने आमच्या सुपात हात घातला, मूठभर गहू घेतला आणि टोपलीत टाकला. वर पाव मूठ.

"हाई मन्ही," ती म्हणाली.

पुन्हा हात घातला. पुन्हा सव्वा मूठ. "हाई मन्ही पोरनी."

ओट्यावर बायका होत्या, दारात पुरुष होते. मोठे बाबा म्हणाले, "हाई रीत नही." मायने जेठाशी कधी तोंडाला तोंड दिलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुन्हा मोठा बाबास्ले सांग, रीत त्यासनी शे. गहू मन्हा शेतना शेतस."

गहू तिच्या शेतातला आहे हा निरोप पोचवायची गरज नव्हती, तो पोचला होता. एका पुतण्याने टोपलीतला गहू वेगळा काढायचा प्रयत्न केला. बिचारा. गव्हात गहू मिसळला की कोणता बाईचा आणि कोणता बाप्याचा हे कानबाईलाही सांगता यायचं नाही. टोपली फेकावी, तर देवीच्या नावाचं धान्य. अडकले सगळे. शेवटी दळण गेलं.

त्या रात्री मी मायला म्हटलं, आता त्यांचे दिंड त्यांनाच करू दे. ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, मूठ माझी पडली आहे, मग काम दुसरी का करील? रविवारी पहाटे ती थोरल्या घरच्या चुलीशी होती. तिच्यासोबत बाकीच्या बायकाही होत्या, पण त्या हळू आवाजात बोलत होत्या आणि मायशी कुणीच बोलत नव्हतं. मला राग येत होता आणि रडूही येत होतं. मी पुरण वाटत राहिले.

दुपारी नैवेद्य दाखवला. पुरुषांची पंगत बसली. पहिला घास मोठ्या बाबांचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा, अशी चाल. मोठे बाबा ताटासमोर हात बांधून बसले. "मी खावाव नही," म्हणाले. "दोन मुठी खोट्या शेतस."

पोरं भुकेने कळवळली. दिंडांवरचं तूप थिजायला लागलं. चारचौघांनी मोठ्या बाबांची समजूत काढली, दोघांनी मायला हात जोडायला सांगितलं. चूक झाली म्हण, एवढंच. मी मायकडे बघत होते. मला खरंच भीती वाटली की ती हात जोडेल. जन्मभर तेच केलेलं होतं तिने.

मायने हात धुतले. एक ताट घेतलं, स्वतःला दोन दिंड वाढून घेतले आणि पंगतीच्या टोकाला, पुरुषांच्याच ओळीत, मांडी घालून बसली. दिंड फोडला. वाफ निघाली. सगळ्यांच्या आधी, घरातल्या एकाही पुरुषाने घास उचलला नसताना, ती जेवायला लागली.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मोठे बाबा उठले, चपला घालून अंगणात निघून गेले. कुणी अडवलं नाही. पोरांनी ताटांवर झडप घातली, आणि मग पुरुषही एकेक करून जेवू लागले, खाली मान घालून.

मोठी माय इतका वेळ तुपाचं भांडं धरून दारात उभी होती. नवरा बाहेर, पंगत आत. ती आली, मायच्या ताटात तूप वाढलं, मग भांडं खाली ठेवून तिच्या दुसऱ्या बाजूला बसली. मायच्याच ताटातला अर्धा दिंड उचलून तोंडात टाकला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "पुढला साल मन्ही बी मूठ टाकजो व."