वर म्हणजे उत्तर

एका बाईने मातीत ओढलेली रेघ मी उलटी वाचली. नोकरीत चुका पुष्कळ केल्या, पण निवृत्तीनंतरही आठवते ती हीच. प्रशिक्षणात नकाशावाचनात मी पहिला आलो होतो, आणि घनसावंगी तालुक्यात भेटेल त्याला ते ऐकवतही असे.

भर उन्हाळ्यात सत्तरीचे एक शेतकरी घरातून निघून गेले. त्यांना विसरण्याचा आजार होता. त्यांच्या पत्नीने मिसिंगची तक्रार दाखल केली आणि त्या पोलीस ठाण्याच्या पायरीवरच बसून राहिल्या. दुपारी खबर आली, शेळ्या राखणाऱ्या एका बाईने बाबांना तीर्थपुरी रस्त्याच्या फाट्यावरून जाताना पाहिलंय. तिला बोलावून घेतलं.

"सकाळी शेळ्या सोडल्या साहेब, मंग लेकीचा फोन आल्ता..."

"लांबड लावू नको. बाबा कुठं गेले, तेवढं रेघ ओढून दाखव."

तिने पायरीसमोरच्या अंगणात बसून काडीने फाटा काढला, तिथून सरळ पुढे रेघ, टोकाला पडकी विहीर. मी ते डायरीत उतरवलं, भिंतीवरच्या नकाशाशी जुळवलं आणि दोन पथकं घेऊन फाट्याच्या उत्तरेला निघालो. विहिरी पाच सापडल्या. माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा आणलं, या खेपेला आवाज चढवून. "खोटं का सांगितलं?" म्हणत डायरी पुढे टाकली. तिने पान बघितलं आणि शांतपणे डायरी फिरवली.

"खोटं न्हाई साहेब. मी गंगंकडं तोंड करून बसल्ते."

आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात, आणि ती तालुक्याच्या दक्षिणेला आहे. बाई रोज शेळ्या घेऊन तिकडेच जाते. तिच्या डोक्यातला रस्ता तिच्या पावलांपुढे पसरलेला. माझा खिळ्याला टांगलेला.

अर्ध्या तासात बाबा सापडले. पडक्या विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, काल दिवस मावळताना गेले असावेत. त्या वेळी मी उत्तरेला चौथ्या विहिरीत डोकावत होतो.

तेव्हापासून कुणाला रस्ता विचारायचा तर मी आधी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, त्याचं तोंड जिकडे तिकडेच माझं.

पंचनामा झाल्यावर मी पायरीवर बसलेल्या आजींना, बाबांच्या पत्नीला, म्हणालो, "नकाशा समजण्यात जरा चूक झाली."

"नकाशाचं राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "ती बाई तोंडानं सांगू लागल्ती. तुम्हीच तिला गप केलं."