इकराच्या ॲपातला प्रेमसिंग

इकरा आमच्या दवाखान्यात कागद लिवाले लागली, तवा तिले सलाइनची बाटली टांगताबी येत नोती. मानोरा गावात पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या सैफुद्दीनची पोरगी, बारावी शिकलेली, बोलणं कमी. अन् दोन वर्षांत ह्या पोट्टीनं मोबाइलवर चौकटी वढून-वढून दवाखान्याचं ॲप बनवलं! कोडिंगची एक ओळ लिवली नाई म्हणे. पेशंटचं नाव टाका, त्याची सारी जुनी बिमारी समोर हजर. डॉक्टरसाहेब आल्यागेल्याले कौतुकानं दाखवत.

मी जगदेव, इथचा तीस वर्षांचा कंपाउंडर. माह्या रजिस्टरांची गठडी बांधून माळ्यावर टाकली. खोटं कायले बोलू, माह्यं डोकंच फिरलं. त्याच हप्त्यात इकरानं इचारलं, "चाचा, पेशंट वळखाले नाव, बापाचं नाव अन् गाव, एवढं पुरते ना?"

"पुरते नं! तुह्यं ॲप लय हुशार हाये, मले कायले इचारून राह्यली?" म्या फणकाऱ्यानं म्हणलं. बिचारी हासली अन् कामाले लागली.

पुरत नाई, हे मले पक्कं ठावं होतं. इकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यांत एका नावाचे दोन-दोन मानसं निंघतात, बापाचं नावबी तेच, आडनाव राठोडच. म्हणून मी रजिस्टरात नावापुढं वळख लिवत होतो: विहिरीवाला, बकऱ्यावाला, ऊसतोडीवाला. रागाच्या भरात हे तिले सांगतलंच नाई.

परवा सकाळी विहिरीवाला प्रेमसिंग लालसिंग पाय सुजून आला. सुप्रिया सिस्टर सुई घेऊन त्याच्यापाशी उभी.

"सिस्टर, याले पेनिसिलीन?"

"टेस्ट करून राह्यली, काका. ॲपात तं ॲलर्जी नाई म्हणते."

ॲलर्जी नाई ते त्याच तांड्यातल्या बकऱ्यावाल्या प्रेमसिंगले! त्याची माहिती भरली तवा ॲपानं दोघाले एकच समजून याची जुनी नोंद पुसून टाकली. याचा तं मांगं टेस्टच्या थेंबानंच जीव चालला होता. म्या झडप घालून सिस्टरचा हात धरला, पण सुई टोचून झाली होती.

पाहता पाहता त्याचे ओठ सुजले. श्वास शिट्टीवानी वाजे. डॉक्टर धावत आले, दुसरं इंजेक्शन, ऑक्सिजन, सारी धावपळ. त्याच्या बायकोनं माहा हात गच्च धरला, "भाऊ, काय झालं वो याले?" दारात इकरा मोबाइल घेऊन उभी होती. ॲपात दोघं एक झाले, हे तिले मोबाइल पाहून समजलं होतं. "या अल्ला, या अल्ला," एवढंच म्हणे. मलेबी वाटलं, गेला हा मानूस, अन् म्या मारला.

अर्ध्या घंट्यानं प्रेमसिंगनं डोळे उघडले, पाणी मांगतलं. त्याच्या बायकोनं माहा हात अजूनबी सोडला नोता.

मंग डॉक्टर इकरावर कडाडले, "माणूस गेला असता तुझ्या ॲपपायी! कोणाला विचारलं होतंस का? उद्यापासून येऊ नकोस."

इकरानं माह्याकडं पाह्यलं. मंग मान खाली घातली.

"नाई सर. कोणालेच इचारलं नाई म्या."

अरे बाप्पा, पोट्टी मले वाचवून राह्यली होती! बाहेर प्रेमसिंगचे भाऊबंद जमले होते. खरं बोललो तं नोकरी जाईन, अन् हे लोक मले सोडणार नाईत.

"साहेब," म्या कसंतरी म्हणलं, "तिनं मले इचारलं होतं. मले ठावं असून म्या सांगतलं नाई."

प्रेमसिंगच्या बायकोनं माहा हात सोडला.