खंडेनवमीनंतर काळा पडलेला पडदा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघंही म्हणालात, "आजी, तो जुना कॉम्प्युटर टाकून दे, नवीन घे." मी फक्त हसले. तो का टाकत नाही हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लगेच लिहायला बसले.

रहाटणीतल्या आपल्या शेतांना नावं होती: चिंचेचं वावर, लांबटुकडा, म्हसोबाचं रान. आता तिथे इमारती आहेत आणि सातबाऱ्यावर नुसते गट नंबर. नावं उरली ती फक्त माझ्या दिरांच्या तोंडी. वर्षभर दर गुरुवारी ते येऊन सांगत आणि मी टाइप करत असे. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवायची शिस्त मीच घराला लावली, पण इथे मात्र स्वतःच विसरले.

खंडेनवमीला तुमचे आजोबा कंपनीत मशीनची पूजा करायचे. मी घरी कॉम्प्युटरची करते. मळक्या यंत्राला गंध कसं लावायचं? म्हणून सगळ्या वायरी काढून पुसून घेतलं, पुन्हा जोडलं आणि झेंडूचा हार घातला. दसरा झाल्यावर गुरुवारी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच.

दीर समोरच होते. "घ्या वहिनी! एवढा हार घातला, देवानं डोळंच मिटलं."

"थट्टा नको भाऊजी. सगळी वावरं आत आहेत."

त्यांचं हसू गेलं. "आता पुन्यांदा सांगायचं म्हनलं तर मला न्हाई आठवायचं समदं."

थेरगावच्या दुकानदाराला फोन केला. "आणा काकू, फॉरमॅट मारून देतो." म्हणजे आतलं सगळं पुसणार. मी म्हटलं, "राहू द्या, मीच बघते."

तुमचे आजोबा मेंटेनन्सला होते. मशीन अडलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, शेवटचा हात कोणाचा? इथे हात माझाच होता. कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला; पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे कॉम्प्युटर जागा होता. मॉनिटर बंद करून पुन्हा चालू केला, तर 'नो सिग्नल' अशी अक्षरं क्षणभर चमकली. म्हणजे तोही धड होता. राहिली मधली वायर.

टॉर्च घेऊन मागे वाकले. तिथे सारखीच दोन भोकं, एक वर, एक खाली. खालचं तुमच्या बाबांनी गेमसाठी बसवलेल्या कार्डाचं. कार्ड बसवल्यापासून चित्र तिथूनच येतं; वायर लावायची ती तिथे, आणि मी ती वरच्यात खुपसली होती! सगळं बंद केलं, वायर बदलली, बटण दाबलं. पडदा उजळला.

"आयला वहिनी!" दीर उठूनच उभे राहिले. "कंपनीनं दादाच्या जागी तुमालाच घ्यायला पायजे हुतं."

"घेतलं असतं हो, पण तुमच्या घरात स्वयंपाक सोडून शिफ्ट कोणी करू दिली असती?"

ते खूप हसले. मी हसता हसताच दोन पेन ड्राइव्हवर प्रती काढल्या. त्यातली एक तुमच्याकडे येते आहे.

सत्तेचाळीस वावरांची नावं आहेत. एकही गेलेलं नाही.