उजवीकडचा कान

अख्ख्या लालबागमध्ये लांडग्यांच्या बाजूने बोलणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. वाघाच्या बाजूने बोलायला पुष्कळ मिळतात. वाघ देखणा, टी-शर्टवरही शोभतो. लांडग्याचं तसं नाही. एकदा मामांच्या चाळीत दोन भाऊ खोलीवरून भांडत होते आणि धाकट्याने थोरल्याला लांडगा म्हटलं. मामा हातातला चहा कठड्यावर ठेवून मध्ये पडले. भांडण सोडवायला आले असं वाटून दोघेही गप्प झाले. मामा धाकट्याला म्हणाले, "लांडगा पोटातलं काढून पिल्लांना भरवतो. ह्याने तुझ्या पोराला कधी बिस्किट तरी दिलंय? दुसरं नाव शोध याला." त्यानंतर दोन्ही भावांनी एकजुटीने मामांशी अबोला धरला.

गिरणी बंद पडल्यावर मामा कापडाच्या गाठी नेणाऱ्या टेंपोवर ड्रायव्हर झाले होते. सोलापूरच्या बाजूला एका माळावर टेंपो बंद पडला आणि वीस-पंचवीस पावलांवर एक लांडगा येऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "गिरणी गेल्यापासून माझ्याकडे इतकं नीट कोणी बघितलं नव्हतं," एवढंच मामा सांगतात. मग ते दर महिन्याला त्या माळावर जाऊ लागले. तिथल्या एका धनगराशी त्यांनी दोस्ती केली. लांडग्याने त्याची मेंढी नेली की भरपाईचा अर्ज मामा लिहायचे आणि वनखात्याच्या बाकावर दिवस दिवस बसायचे, कारण अर्ज अडकला की धनगर लांडग्याला विष घालायची भाषा करायचा. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "लांडग्यान ह्यांका खाल्ल्यान नाय, ह्यांनी मात्र माझा डोक्या खाल्ल्यांनी."

लग्नकार्यात मामांचा आहेर ठरलेला असे, त्यांनी स्वतः काढलेला फोटो, फ्रेम करून. आमच्याही लग्नात तोच आला. फोटोत पिवळं वाळकं गवत, बाकी काही नाही. मुंडावळ्यांतून मी फोटो न्याहाळत असताना मामा कानाशी येऊन म्हणाले, "उजवीकडे बघा जावईबापू. कान आहे." बावीस वर्षं तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. कान मला कधीच दिसला नाही. दिसला, असं मात्र मी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

हे एवढ्यासाठी लिहितो की पुढे मी जे केलं त्याचं मूळ इथेच आहे. मामांचं ऐकल्यासारखं करायचं आणि ऐकायचं नाही, ही माझी सवय. आमच्या गणेश मंडळाचा मी कार्यवाह. यंदा देखाव्यात लांडगा घ्या, म्हणून मामा दर वर्षी अर्ज द्यायचे आणि आम्ही दर वर्षी हसून तो फायलीत लावायचो. शेवटी मला त्यांची दया आली. मंडळाचं वृक्षारोपण मामांच्या माळावरच करायचं आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनाच न्यायचं, असं मी ठरवलं. त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, खूश होतील.

बसमधून उतरले तेव्हा मामांना माळभर खणलेले खड्डे दिसले. गुलमोहर, करंज, निलगिरीची रोपं ओळीने मांडलेली, पलीकडे तारेचं कुंपण, आणि त्यावर आमचा बॅनर: ओसाड माळ हिरवा करू. मामांनी टोपी काढली. हळू आवाजात म्हणाले, "हा ओसाड नाही. ते गवत आहे. त्या ओढ्याच्या काठाला त्यांचं बीळ आहे, थंडीत पिल्लं होतात. इथे झाडं नकोत हो."

मला समजलं होतं. नव्हतं समजलं असं म्हणायची सोय नाही. पण माणसं पहाटे निघून आली होती, सरपंच हार घेऊन उभे होते. मी म्हणालो, "मामा, आता राहू द्या." मामा वाढवायला दिलेला नारळ मांडीवर घेऊन बसच्या पायरीवर बसून राहिले आणि आम्ही झाडं लावली.

पाणी घालायला टँकर येऊ लागला, राखणदार आला, त्याची कुत्री आली. त्या थंडीत बीळ रिकामं राहिलं.

मामा एक कागद घेऊन घरी आले. 'झाडं चुकीच्या जागी लावली गेली, ती हलवावीत,' असं ग्रामसभेला मंडळाचं पत्र हवं होतं. सहीला मी चार महिने लावले. मंडळाची अब्रू, असं म्हणायचो. खरं तर माझी. मामा दर रविवारी यायचे, चहा घ्यायचे, "झाली का?" विचारायचे आणि जायचे. शेवटी सही केली आणि मंडळाच्या सभेत ते पत्र स्वतः वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, "कार्यवाह झाडं लावतो पण आणि उपटतो पण. फुल सर्व्हिस." ग्रामसभेत मामा उभे राहिले आणि लांडग्याचं नावही न काढता मेंढ्यांच्या चाऱ्यावर बोलले. ठराव झाला.

तीन पावसाळे आम्ही दोघं एकेक रोप मातीसकट काढून गावातल्या शाळेच्या आवारात आणि रस्त्याकडेला नेत होतो. तार गुंडाळली, खड्डे बुजवले. गवत आपलं आपण आलं. मामांचे गुडघे मात्र गेले. आता ते चाळीच्या गॅलरीत खुर्चीवर असतात आणि माळावर मी एकटा जातो.

गेल्या महिन्यात धनगराचा मामांना फोन आला. ओढ्याकाठी लांडग्यांची जोडी फिरतेय आणि मेंढी गेली, अशी त्याची तक्रार होती. मामांनी चाळीत पेढे वाटले, अबोला धरलेल्या भावांनासुद्धा, आणि लगेच भरपाईचा अर्ज लिहायला बसले.

अर्जावर धनगराचा अंगठा घेऊन मी माळावर गेलो आणि ओढ्याच्या बाजूचा एक फोटो मामांना पाठवला. लगेच फोन वाजला.

"उजवीकडे बघा जावईबापू."

मी फोटो मोठा करून पाहिला. गवत होतं. "मामा," मी म्हणालो, "मला दिसत नाही."

पलीकडे मामांनी मामींना भांडी जरा थांबवायला सांगितलं.

"लग्नातही दिसला नव्हता," मामा म्हणाले. "मला माहीत होतं. घाई करू नका. बसून राहा तिथेच. आधी तो आपल्याला बघतो."

मी पिशवी खाली ठेवली आणि गवतात बसलो.