कडी न लागलेलं नाणं

अगो, फोन नीट कानाला लाव. दोन वर्षं 'येते, येते' म्हणून मला फसवतेस, आणि तो रोह्याचा सोनार बघ, दर सोमवारी पेणला माझ्या दारात हजर!

माणूस महाखवचट. गिऱ्हाइकाकडे मान वर करतो ती अपमान करायलाच. सासूबाईंच्या डबीतलं सोन्याचं नाणं मी त्याच्याकडे नेलं. म्हटलं, नातीच्या लग्नातल्या माळेत ओवायचंय, कडी लावून दे. त्याने भिंगातून पाहिलं आणि डाग द्यायला पेटवलेला दिवाच विझवला.

"वयनी, हा टांकसाळीचा नमुना हाय. गोऱ्या साहेबाला दाखवायला पाडला, त्याला पटला नाय, म्हणून बाजारात कधी चाललाच नाय. असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कडी डागली की मेला, सगळी किंमत गेली."

"म्हणजे बघून नाकारलेली मुलगी! मग मिरवू दे की तिला लग्नात."

"डोकं हाय का खोकं?" तो खेकसला, आणि माळेसाठी आपल्या पेटीतली सोन्याची पुतळी काढून दिली. फुकट! आयुष्यात कुणाला सुपारी दिली नाय त्याने.

आता येतो, चष्मा पुसतो, नाणं बघतो, माझ्या चहाला नावं ठेवतो आणि जातो. मी कशी आहे, ते विचारत नाय. तू लवकर ये गो. मला बघायलाही कुणी येऊ दे.