मधली चार वर्षं
माझे वडील शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर मढला एकटेच राहू लागले. दर नोव्हेंबरात बँकेत द्यायचा हयातीचा दाखला त्यांनी दिलाच नाही, म्हणून पेन्शन बंद पडली. चार वर्षं त्यांनी ती मागितली नाही, मला सांगितलंही नाही. आळेफाट्याला माझं गॅरेज आहे, मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता.

कळल्यावर मी त्यांना बँकेत नेलं आणि साहेबावरच डाफरलो, "माणूस समोर बसलाय, अजून काय पुरावा पाहिजे?"

एक कागद माझ्यापुढे सरकवत साहेब शांतपणे म्हणाला, "आज आहेत, ते दिसतंय. मधली चार वर्षंही होते, असं लिहून द्या. ज्यांनी त्यांना या काळात पाहिलंय, अशा दोघांच्या सह्या लागतील."

मी खिशातून पेन काढलं. वडिलांनी कागद माझ्यापुढून उचलला आणि नीट घडी घालून आपल्या खिशात ठेवला.

"शेजारच्या बाईची घेतो," ते साहेबाला म्हणाले. "ती रोज भाकर आणून देत व्हती. दुसरा दुकानदार. ह्याची नगं, खोटी व्हईल."