इच्छा काढा, अंदाज ठेवा

माझं काम सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. परभणीजवळच्या मानवतमध्ये आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी अमेरिकेतल्या माणसांच्या शिव्या वाचते. एका खेळाच्या संकेतस्थळावर तिथले प्रेक्षक जे लिहितात, ते ओळीने माझ्या पडद्यावर येतं. प्रत्येक मजकुरासमोर दोन चौकटी असतात, ठेवा आणि काढा. इंग्रजीत एम. ए. केलं त्याचा हा उपयोग झाला. सकाळी सहाला मी बसते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि माणसं कामावरून घरी येऊन लिहायला लागलेली असतात.

खेळ त्यांचा फुटबॉल, पण पायाने खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी अंगावर जाऊन पाडायचं. डोक्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण असतं. सामने सप्टेंबरात सुरू होतात, पण ऑगस्ट लागला की अंदाजांचा पूर येतो. प्रत्येक संघाचे सतरा सामने, त्यातले किती जिंकणार आणि किती हरणार. कुणी बारा-पाच लिहितो, कुणी चौदा-तीन. अजून एक चेंडू उडालेला नसतो आणि माणसं एकमेकांच्या आया-बहिणी काढत असतात.

पहिल्या वर्षी मला यात गंमत वाटली होती. यंदा किळस आली. ती मजकुरांत आधीपासून होती की माझ्यातच आली, हे मी ठरवू शकलेले नाही.

कंपनीने आम्हाला नियमांचा एक कागद दिला आहे. खेळाडूला इजा व्हावी अशी इच्छा कुणी लिहिली तर काढा. इजा होईल असा अंदाज लिहिला तर ठेवा. यंदा श्रावणातल्या एका सकाळी एकाने लिहिलं होतं, ‘त्यांच्या चेंडू फेकणाऱ्याला गेल्या वर्षी दोनदा डोक्याला लागलं. आणखी एक फटका की तो घरी बसला. आम्ही बारा-पाच.’ खाली दुसऱ्याने विचारलं, कितव्या आठवड्यात? मग खेळच सुरू झाला. कुणी चौथा म्हणालं, कुणी सातवा. एकाने लिहिलं, नवव्याच्या पुढे तो टिकत नाही, आणि त्याला हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या चेंडू फेकणाऱ्याला बायको असेल, आई असेल. तीही हे वाचत असेल.

मी पुण्यातल्या वरिष्ठांना विचारलं की हे सगळं काढू का. उत्तर लगेच आलं. ‘मॅडम, यात इच्छा कुठे आहे? अंदाज आहे. ठेवा.’

मी ठेवलं. एकेक करून सगळं ठेवलं, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

माझा धाकटा भाऊ कबड्डी खेळायचा. तो गेला त्याला तेव्हा सात महिने झाले होते. वर्षाच्या आतला दुखवटा, म्हणून नागपंचमीला घरात काही गोड झालं नव्हतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर जायचे बंद झाले होते. ते ओसरीत खुर्चीवर बसून राहायचे. आई त्यांच्याशी बोलायची, ते मान हलवायचे.

भाऊ कसा गेला ते सगळ्यांना माहीत होतं. यात्रेच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात चढाईला गेला, पाच जणांनी पकडला, डोक्यावर आपटला, उठला, आणि चालत जाऊन समोरच्या संघातल्या पोरांच्या ओळीत उभा राहिला. कुठल्या बाजूचे आपण, हे त्याला समजत नव्हतं. लोकांना वाटलं मस्करी करतो. सगळं मैदान हसलं. मीही बायकांच्या बाजूला बसून हसले. तिसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात तो गेला.

आदल्या दिवशीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. उपांत्य सामना खेळून तो दिवेलागणीला घरी आला. आप्पा आणि आई देवळात गेले होते. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

“अक्का, लाइट बंद कर ना. डोळ्यात घुसायलाय.”

मग त्याने उलटी केली. मी पाठ चोळली, मोरीत पाणी ओतलं.

“डोक्याला लागलं का रे?”

“जरासं. गुडघा लागला कुणाचा तरी. आप्पाला सांगू नको, उद्या फायनल हाय. सगळे म्हणायलेत यंदा चषक आपलाच.”

मानवतमधल्या दुसऱ्या कुणाला समजलं नसतं, तरी मला समजायला हवं होतं. उजेड न सोसणं, उलटी, ही लक्षणं मी इंग्रजीत शेकडो वेळा वाचली होती. पण ती मी कुठे वाचली होती? ‘मेंदूला हिसका बसलाय, काही नाही, दोन आठवड्यांत परत.’ ‘रविवारी खेळेल, आमचा माणूस कडक आहे.’ दोन वर्षं रोज सकाळी ते वाचून वाचून मेंदूचा हिसका म्हणजे मला सर्दीसारखं काहीतरी वाटायला लागलं होतं. मी त्याला म्हणाले, “झोप. सकाळी बरं वाटेल.” तोही एक अंदाजच होता. उजाडलं तेव्हा तो म्हणाला बरं वाटतंय, आणि मी विश्वास ठेवला, कारण चषक मलाही हवा होता.

सात महिने ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना आप्पा एवढंच म्हणायचे, “एका क्षणात गेला. कुणाला काही करता आलं नसतं.” त्या वाक्यावर ते दिवस काढत होते. मी ऐकायची आणि आत निघून जायची.

पडद्यावर नवव्या आठवड्याच्या अंदाजांचा तो खेळ चालला होता त्याच सकाळी, अकराच्या सुमारास, कबड्डी मंडळाचे चौघे घरी आले. मंडळाचे अध्यक्ष पुढे होते. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सगळ्यात मागे माझ्या भावाचा जोडीदार होता. दोघं दहा वर्षं एका संघात खेळले, चढाईला आलटून पालटून जायचे.

अध्यक्षांनी आप्पांच्या हातात एक पत्रक दिलं. त्यावर भावाचा फोटो होता, कपाळाला भस्म, हसरा. खाली ‘स्मृतिचषक’.

“पोळा झाला की लगेच हाय, आप्पा. मार्केट यार्डाच्या शेडात, मॅटवर. तुमी फक्त हो म्हणा. नाव पोराचं राहील, चषक तुमच्या हातानं द्यायचा.”

आप्पा पत्रक समोरच्या स्टुलावर ठेवून फोटोकडे पाहत राहिले. मी चहा केला. चहा येईपर्यंत चौघांपैकी तिघांची जीभ सुटली होती.

“पालमवाले यायलेत का?”

“येऊ दे की. पहिल्या फेरीत घरी जातेत.”

“आन् जिंतूरचे?”

“त्यांच्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याच्याच अंगावर घालायचं. दुसऱ्या चढाईला लंगडत भाईर.”

“दुसऱ्या? पहिल्याच म्हण की लेका!”

हसले. माझ्या भावाच्या फोटोवर बशी ठेवून हसले. सकाळचे सगळे मजकूर माझ्या ओसरीत येऊन बसले होते, फक्त मराठीत. त्या माणसांची मला शिसारी आली. ही माणसं वाईट नव्हती. भावाला खांदा यांनीच दिला होता, आमच्यात पुरतात, तो खड्डाही यांनीच खणला होता. हे मला माहीत असूनही शिसारी आली.

जोडीदार दाराकडे पाठ करून बसला होता आणि एक हात कपाळावर छपरासारखा धरला होता. चहाला त्याने हात लावला नव्हता.

“तुला बरं नाही का रे?” मी विचारलं.

“काय न्हाई अक्का. परवा सरावाला डोकं डोक्याला लागलं.”

“वाघ हाय ह्यो,” अध्यक्ष म्हणाले. “बाम लावलाय. पोळ्याला आठ दिवस हायत अजून. शंभर टक्के खेळतो, लिहून घ्या.”

“उलटी झाली का?”

जोडीदाराने अध्यक्षांकडे पाहिलं. “एकदा झाली. मिसळ खाल्ली होती.”

“त्याला खेळवू नका,” मी म्हणाले.

“तुमी कामून फिकीर करताव ताई? तुमचं मन हळवं झालंय, समजतंय आमाला. पण असं जरा-जरा लागण्यावर खेळ सोडायचा म्हटल्यावर झालंच की!”

अध्यक्षांच्या बोलण्यावर बाकीच्यांनी माना हलवल्या. जोडीदारही कसनुसा हसला. मी एम. ए. झाले, अमुक वाचलं, तमुक वाचलं, याने त्यांना काही फरक पडणार नव्हता. त्यांना पटेल अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, आणि आप्पा चार हातांवर बसले होते.

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. आदल्या संध्याकाळी लाइट बंद करायला लावला, उलटी झाली, मी पाणी ओतलं, कुणाला सांगू नको म्हणाला म्हणून सांगितलं नाही, सकाळी बरं वाटेल म्हणाले. माझा आवाज रोजच्यासारखा होता, याचीच मला घाण वाटली.

जोडीदाराने कपाळावरचा हात खाली घेतला. उजेडाने त्याचे डोळे बारीक झाले.

“मला बोलला न्हाई तो,” जोडीदार म्हणाला. “मला तरी सांगायचं.”

आप्पांनी फोटोवरची बशी उचलून खाली ठेवली. पत्रकाची घडी केली आणि खिशात घातली.

“नाव देत न्हाई,” ते म्हणाले.

“आप्पा, छापून झालंय हो सगळं...”

“देत न्हाई म्हणलं ना.” ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि जोडीदारासमोर जाऊन उभे राहिले. “ऊठ. परभणीची गाडी हाय आता. डोक्याच्या डॉक्टरला दाखवू.”

“आप्पा, मी घरी सांगून—”

“वाटेत फोन कर. ऊठ.”

सात महिन्यांत आप्पा पहिल्यांदाच घराबाहेर पडले. जोडीदार त्यांच्या मागून गेला, उन्हात डोळ्यांवर हात धरून. माझ्याकडे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

बाकीचे तिघं फाटकापाशी चपला घालत होते. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, पण मला ऐकू आलं, “आता चढाईला कोण हाय आपल्याकडं? पालमवाले नेतेत बघ चषक.”

“पालमवाले? अंतिमला तरी येतेत का ते!” दुसरा म्हणाला.

ते बोलत बोलतच गेले.

संध्याकाळच्या गाडीने आप्पा परतले. त्यांनी आईला सांगितलं, आणि मी आतून ऐकलं, की डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, महिनाभर मैदानात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. पोरगा आधी चिडला, मग गाडीत त्यांच्या खांद्यावर झोपला. स्पर्धा पोळ्यानंतर झाली, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने. जोडीदार शेडाच्या खांबाला टेकून बसला होता असं ऐकलं. कोण जिंकलं ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी प्यायच्या पाण्याचा तांब्या भरून ओसरीत नेला. आप्पांनी पाय धुतले, टॉवेलने पुसले, आणि माझ्या हातातल्या तांब्याच्या बाजूने आत पाहून आईला म्हणाले, “अगं, पाणी आण जरा प्यायला.” आई आतून दुसरा तांब्या घेऊन आली.

आता ते मोंढ्यात जातात, लोकांशी बोलतात. मला जेवलीस का म्हणून विचारतातही. पण पाणी अजून आईकडेच मागतात.